मुलाला घरचं सगळं नकोसं झालंय!

प्रश्न : आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले, दोन वर्षांपूर्वी पुण्यात आलो. अकरावीतला मुलगा आता मित्रांसमोर गावाकडचं बोलायला लाजतो, जत्रेला येत नाही. कपडे, केस, मतं सगळं मित्रांसारखं. आमचे संस्कार कमी पडले का?
– एक आई, पुणे

उत्तर : मुळीच नाही, ताई. ‘मी नेमका कोण?’ हा प्रश्न याच वयात डोकं वर काढतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये किशोरवयातला हाच मुख्य पेच मानला. पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्सिया यांनी दाखवलं की, घरच्यांची नुसती री ओढणारी मुलं वरवर स्थिर दिसतात; पण निरनिराळ्या वाटा चाचपून केलेली निवडच खरी स्वतःची असते.

पेहराव, केस, बोलण्याची ढब यांवर मित्रांचा पगडा असतोच. शिक्षण, नीतिमूल्यं अशा मोठ्या बाबतींत मात्र आईवडिलांच्या शब्दाला वजन राहतं. म्हणून केसांवरून वाद नको. बोलण्यावरून कुणी चेष्टा केली का, हे एकांतात विचारा. तुम्ही मात्र घरात बिनधास्त आपल्याच बोलीत बोला. त्याच्या मित्रांना जेवायला बोलवा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाढा. जत्रेची सक्ती नको, पण आजीला फोन त्यालाच लावू द्या.

तो एकलकोंडा झाला, झोप-भूक बिघडली किंवा व्यसनाची शंका आली, तर समुपदेशकाला गाठा. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.