बेसमेंटमधली राखाडी पेटी

अगं, पडद्यांचे फोटो पाहिले, सुरेख आहेत. पण न्यू जर्सीत एवढं जुनं घर घेतलंयस, तर पडदे राहू देत, आधी बेसमेंटमध्ये जा. भिंतीवर राखाडी पत्र्याची पेटी आहे ना, तिचं दार उघड. फक्त दार हं, स्क्रूने बसवलेलं आतलं झाकण नाही. ते का, ते पुढे सांगते. आणि हे सगळं नवऱ्यावर सोपवून मोकळी होऊ नकोस. तो ऑफिसच्या कामाने गावाला गेलेला असतानाच नेमके दिवे जातात.

बहुतेक पेट्यांमध्ये सगळ्यात वर एक मोठा ब्रेकर असतो, त्यावर १०० किंवा २०० असा आकडा. तो मेन. इथे घरात १२० व्होल्टच्या दोन गरम तारा येतात, दोन्हींमध्ये मिळून २४० व्होल्ट. म्हणून मेनला दोन्ही तारा एका झटक्यात तोडाव्या लागतात. खटका उभा असेल तर वर म्हणजे चालू, हा कोडचाच नियम. आपल्याकडे भिंतीवरचं बटण खाली केलं की दिवा लागतो, ती सवय हाताला असते म्हणून सांगतेय. आणि ट्रिप झालेला ब्रेकर मधेच अडकतो. आधी पूर्ण बंद करायचा, मग चालू.

आता कोड म्हणजे काय, तर नॅशनल इलेक्ट्रिकल कोड. १८९७ पासून चालत आलाय, दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघते. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा होत नाही, म्हणून तुझ्या गावात कोणती आवृत्ती चालते हे टाउनशिपच्या परमिट ऑफिसात विचार, यूट्यूबवाल्याला नाही.

तुझ्या पेटीत एकच मेन दिसला नाही तर घाबरू नकोस. पूर्वी सहापर्यंत खटके दाबून अख्खं घर बंद झालं तरी कोडला चालायचं, त्यामुळे जुन्या घरांत अशा पेट्या सापडतात. २०२०च्या आवृत्तीपासून नव्या कामात प्रत्येक मेनला आपापला वेगळा कप्पा लागतो. त्याच आवृत्तीने नव्या घरांना बाहेरच्या बाजूला, हाताशी येईल असा आपत्कालीन स्विच सांगितला. आग लागली की बंबवाल्यांनी तुझं बेसमेंट शोधत बसायचं का?

त्या पेटीसमोर तू स्टीलचे डबे आणि गणपतीचं मखर ठेवणार आहेस, मला माहितीय. नाही ठेवायचं. समोर ३६ इंच खोल, ३० इंच रुंद आणि साडेसहा फूट उंच जागा मोकळी लागते. बाथरूममध्ये आणि कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये तर अशी पेटी चालतच नाही.

बरं, कुणी तरी ओळखीचा हँडीमॅन म्हणेल, "वहिनी, १००चा काढून २००चा टाकतो, गाडीचा चार्जर आरामात चालेल." त्याला चहा पाज आणि परत पाठव. ब्रेकर तारेच्या रक्षणासाठी असतो, चार्जरच्या सोयीसाठी नाही. घराच्या २०० अँपियरच्या जोडणीला साधारण टू-ऑट तांब्याची किंवा फोर-ऑट ॲल्युमिनियमची तार लागते. तार जुनीच ठेवून मोठा ब्रेकर लावला, की ती तापेल आणि ब्रेकर गप्प बसेल. हे काम परवान्याच्या इलेक्ट्रिशियनचं, तेही परमिट काढून, तपासनीस येऊन बघून गेल्यावर पुरं होतं.

आणि आतल्या झाकणाचं. मेन बंद केला तरी त्याच्याकडे रस्त्यावरून येणाऱ्या तारा जिवंतच असतात. मीटरच्या बाजूने पुरवठा तोडल्याशिवाय त्या मरत नाहीत. "मेन पाडलाय, आता काय होतंय" म्हणून हात घालणारे ह्याच तारांना चिकटतात.

जनरेटर घेणार असशील तर आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१२च्या सँडी वादळात इथली लाखो घरं अंधारात होती. अशा वेळी काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ ड्रायरच्या सॉकेटला जोडतात. मेन चालू राहिला तर ती वीज उलटी बाहेर जाते, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होते, आणि तिथे तुझ्याच गल्लीची लाइन जोडणारा माणूस चढलेला असतो. म्हणून ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक हवाच. इंटरलॉक म्हणजे साधी सरकती पट्टी: मेन खाली केल्याशिवाय ती जनरेटरचा ब्रेकर वर करू देत नाही. तोही तुझ्या पेटीच्या मॉडेलसाठीच बनवलेला घे.

आज एवढंच कर: दाराच्या आतल्या बाजूचं लेबल आणि मेनवरचा आकडा, दोन्हींचा फोटो पाठव. मग चार्जरचं बोलू.