तमकश्वास : कलत्या घराचा टेकू
चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १७ व्या अध्यायात तमकश्वास याप्य सांगितला आहे. तो नवोत्थित असता साध्य. ढगाळ हवा, शीत व पूर्वेचा वारा यांनी वेग वाढतो, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. याप्य रोग्यास चिकित्सा म्हणजे कलत्या घरास लावलेला टेकू, असा दृष्टांत सुश्रुतसंहितेत आहे. म्हणून रोग्याचा चालू इन्हेलर एकाएकी बंद करण्यास आपण कदापि सांगू नये. निदानपरिवर्जन, पथ्य व शमनोपचार त्याच्या जोडीने चालवावेत. औषधविक्रेत्यांनी घटक न छापलेल्या दम्याच्या पुड्या ठेवू नयेत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. ओठ निळसर दिसल्यास किंवा रोग्यास एक वाक्यही सलग बोलवत नसल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. वेळीच पाठविणे हेही आपले वैद्यकर्मच होय.