साधनांचे तारतम्य

आजचा पाठ अगदी साध्या वस्तूंविषयी आहे. माठ, वही, जाते, मृदंगाची कणीक या वस्तू आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या. सांप्रत त्यांच्या शेजारी फ्रीज, मोबाईल, गिरणी आणि वाट दाखवणारा नकाशा अशी नवी साधने येऊन बसली आहेत. ती आली यात वाईट काही नाही. दिंडीत चालणाऱ्या आजीला मुक्कामावर फोनमध्ये नातवाचे तोंड दिसते, राहुटीत बॅटरीचा दिवा लागतो. याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, नवे घरात आल्यावर जुन्याचे काय करावे? यावर लोक तीन शंका काढतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

शंका पहिली : नव्याने काम भागते, तर जुने हवे कशाला?

समाधान : भागते खरे, पण नव्या साधनाच्या पाठीमागे वीज, तारा, मनोरे आणि दूर कुठेतरी बसलेली माणसे उभी असतात. त्यातली एक कडी निखळली की सारे थांबते. ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवशी उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले; दुसऱ्या दिवशी तर ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशाला झळ पोचली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

आता माठ बघा. त्याच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी पाझरते आणि वाऱ्याने वाफ होऊन जाते. एक ग्रॅम पाणी असे उडाले की सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत घेऊन जाते. म्हणजे आतल्या ५८ ग्रॅम पाण्याचे तापमान १० अंशांनी उतरावे एवढी. कुठे तार नाही, बटण नाही. मात्र त्याचाही एक स्वभाव आहे. विदर्भाच्या कोरड्या उन्हात तो पाणी गारेगार करतो, कोकणच्या दमट हवेत तेवढे करीत नाही. क्षारांनी छिद्रे बुजली की मंदावतो, म्हणून बाहेरून घासावा लागतो. हे ज्याला कळते त्याच्या घरचा माठ काम देतो.

शंका दुसरी : बरं तर, जुने माळ्यावर जपून ठेवू, वेळ आली की काढू. मग झाले ना?

समाधान : इथेच फसगत होते. वस्तू माळ्यावर टिकते, पण हात विसरतो. समुद्रावर ताऱ्यांची उंची मोजून जहाजाची जागा काढण्याचे सेक्सटंट नावाचे साधन आहे. उपग्रहांवरून जागा कळू लागली, तेव्हा अमेरिकेच्या नौदल अकादमीत ही विद्या शिकवणे बंद पडले. पुढे ध्यानात आले की, संगणकावर कुणी घाला घातला तर जहाज आंधळे होईल. म्हणून २०१५ साली ते शिक्षण पुन्हा सुरू करावे लागले. सेक्सटंट हरवले नव्हते, ते वापरणारे हात कमी झाले होते.

आपल्या घरी काय वेगळे आहे? अंगणात शोभेला मांडलेल्या जात्याला टाकी लावलेली नसेल, तर त्यावर दाणा भरडणार कसा? मृदंग मिळवायचा म्हटले तर सूर दाखवणारे यंत्र आज मोबाईलमध्येही मिळते. ते खुशाल वापरावे. पण डाव्या पुडीला कणीक किती लावायची, हवा बदलली की किती काढायची, हे शेवटी कानाने आणि बोटानेच ठरते. तो कान रोज वाजवल्यानेच तयार होतो. कणकेचा गोळा जवळ असून भागत नाही.

शंका तिसरी : मग सगळेच जुने पुन्हा धरावे काय?

समाधान : मुळीच नाही. जुने ते सोने म्हणणाऱ्याने आधी आठ दिवस पहाटे उठून घरादारापुरते पीठ दळून दाखवावे. जात्याने बायकांचे खांदे मोडले, चुलीच्या धुराने डोळे गेले. गिरणी आणि गॅस यांनी त्यांची सुटका केली. ते कष्ट पुन्हा कुणाच्या माथी मारू नयेत. जुने राखायचे ते तीन प्रश्न विचारून : हे बंद पडले तर मला किंवा गावातल्या कुणाला दुरुस्त करता येते का? विजेवाचून चालते का? आणि याच्या वापरात दुसऱ्या कुणाची पाठ मोडत नाही ना? तिन्ही उत्तरे बरी आली, तर ते साधन जवळ ठेवावे आणि आठवड्यातून एकदा तरी हाती घ्यावे.

तात्पर्य काय, तर नव्याचा लाभ घ्यावा, पण जुन्याचा अभ्यास मोडू नये. हे आजच करून पाहता येते. आपल्या फोनमध्ये शेकडो नंबर आहेत. त्यातले पाठ किती आहेत? लाखोंच्या गर्दीत फोन हरवला, पावसात भिजला, की दुसऱ्याचा फोन हातात येऊनही म्हाताऱ्या माणसाला घरी कळवता येत नाही. कारण नंबरच आठवत नाही. म्हणून निघण्यापूर्वी घरचे दोन आणि दिंडीप्रमुखांचा एक असे तीन नंबर ठळक अक्षरात कागदावर लिहावे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला किंवा पडशीत ठेवावा. त्यातला एक नंबर तरी तोंडपाठ करावा आणि रोज मुक्कामावर एकदा म्हणून पाहावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडून सोबत्यांनी तो म्हणवून घ्यावा.