कोष्टकातला ट्राउट आणि टोपातली तारली

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या शिबिरात 'संतुलित आहार' या विषयावर व्याख्यान झाले. फळ्यावर दूध, अंडी, सफरचंद, बदाम अशी यादी लिहिली गेली. मासळीही होती, पण एका शब्दात. शिबिर भरले होते ते गाव किनाऱ्यावरचे. त्या घटकेला तेथील निम्म्या घरांत तारल्यांचे कालवण रटरटत असावे. वास तर मांडवापर्यंत येत होता. मी मासे विकणाऱ्या बाईची मुलगी. उठून विचारावे असे वाटले की, या तारलीत काय असते? धीर झाला नाही. तोच प्रश्न घेऊन नंतर ग्रंथालयात गेले. कला शाखेच्या विद्यार्थिनीने आहारशास्त्राला हात घालावा हे जरा धाडसच आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ग्रंथालयात एक अमेरिकन कोष्टक मिळाले. त्यात 'शिजवलेला मासा' म्हणून मला प्रथम भेटला तो ट्राउट. हा थंड, वाहत्या, गोड्या पाण्याचा मासा. इंग्रज साहेबांना गळ टाकून मासे धरण्याचा षौक. म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी तो काश्मीरच्या ओढ्यांत आणून सोडला, पुढे निलगिरीतही. मी तो पाहिलेला नाही, खाण्याची गोष्ट दूरच. पण कोष्टक बोलके होते. शंभर ग्रॅम भाजलेल्या ट्राउटमध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि ७ ग्रॅम स्निग्धांश. शेजारीच कच्च्या ट्राउटची प्रथिने मात्र २० ग्रॅम. आता शिजवल्याने प्रथिने वाढली की काय? मी दोनदा वाचले. उत्तर सोपे आहे. विस्तवावर माशातले पाणी उडते, मांस आटते, आणि उरलेल्या शंभर ग्रॅमांत प्रथिने दाटतात. मासा तोच, प्रथिनेही तीच. फक्त पाणी गेले.

मग तारलीकडे वळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत आपल्या समुद्रातली मासळी भरपूर आहे, पण आकडे कच्च्या पदार्थांचे. तेव्हा ट्राउटचा धडा येथे लावावा लागतो. प्रथिनांच्या बाबतीत तारली ट्राउटच्या फार मागे नाही. तिचे खरे वैशिष्ट्य तेलात आहे. पावसाळ्यात अंडी घालून झाली की ती रोड होते. तेव्हा शंभर ग्रॅमांत तीन-चार ग्रॅमच तेल भरते. पुढे समुद्रातले बारीक शेवाळ खाऊन ती भरते आणि दिवाळीच्या आगेमागे तेच प्रमाण पंधरा ग्रॅमांच्याही पुढे जाऊ शकते. आमच्या आईला हे कोष्टकाविना ठाऊक आहे. कालवणावर सोनेरी तवंग दिसू लागला की ती म्हणते, "आता तारलो तेल सोडता."

या तेलात ओमेगा-३ नावाची स्निग्धाम्ले असतात. हृदयाला आणि मेंदूला ती हवी असतात, पण आपले शरीर ती स्वतः फारच थोडी तयार करते. ट्राउटची थोरवी पुष्कळशी यांवरच सांगितली जाते. आता गंमत पाहा. बाजारात येणारा ट्राउट बहुधा तळ्यांत पोसलेला असतो आणि त्याच्या खाद्यात लहान समुद्री माशांची भुकटी व तेल मिसळतात. हे लहान मासे म्हणजे कोण? तारलीच्याच कुळातले आणि तिच्यासारखेच थव्याने फिरणारे. म्हणजे ट्राउटच्या अंगातले मोलाचे तेल हे बऱ्याच अंशी उसने आहे! आमच्या बंदरावर भाव पडला की तारल्यांचे ढीग भुकटीच्या कारखान्याकडे जातात, तेव्हा मला हे आठवते आणि थोडा रागही येतो.

तारलीत याशिवाय ड जीवनसत्त्व आहे, आणि भाजीपाल्यात न मिळणारे ब-१२ आहे. बारीक काटे आंबट रसात मऊ शिजतात व आमच्याकडे ते चावूनच खातात. त्यांतून कॅल्शियम मिळते. मासा लहान, आयुष्य थोडे, त्यामुळे मोठ्या शिकारी माशांच्या अंगात साठतो तेवढा पाराही हिच्यात साठत नाही.

रांधण्याची पद्धतही पाहू. ब वर्गातली काही जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात; उकडून पाणी ओतून दिले तर तीही गेली. कालवणात ते पाणी भातावरच येते. तळताना बाहेरचे तेल माशात शिरते आणि माशाचे स्वतःचे थोडे कढईत उतरते. तळलेली तुकडी मलाही आवडते, खोटे कशाला बोलू! पण रोजच्यासाठी सोले आणि तिरफळे घालून केलेले कालवणच बरे. सोलांच्या आंबटाने माशाचा उग्र वास मोडतो, कारण वास आणणारे द्रव्य अल्कधर्मी असते. हे वाचून आईला सांगितले तर ती म्हणाली, "मग इतकी वर्सा मी काय करतंय?"

एक गोष्ट मात्र आईलाही ठाऊक नव्हती. मी आठ-नऊ वर्षांची असताना पाटीत दिवसभर उन्हात राहिलेल्या तारल्या रात्री शिजल्या. जेवून अर्ध्या तासात माझे तोंड लाल झाले, अंगभर गांधी उठल्या. दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या गेल्या. तारली, बांगडा अशा माशांत उष्णतेने जंतू वाढले की हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. चव कधी कधी जराशी झणझणते, एवढीच खूण. उपाय एकच, बर्फ. तोही मासा निघाल्यापासून. आता आईच्या पाटीत बर्फ असतो. त्याचे पैसे तिला अजून जड वाटतात.

आता कोष्टकात जे नसते त्याविषयी. कोष्टक शंभर ग्रॅमांचे असते, पानातले नसते. आमच्या घरी एका वेळी साधारण बारा तारल्या शिजतात. बाबा आणि दादा बोटीवर राबतात, म्हणून चार नि तीन. धाकट्याला दोन, मला दोन, आईला एक आणि रस. किराणा दुकानाचा काटा मागून आणून मी शिजलेल्या एका तारलीचे मांस मोजले. ते पंचवीस ग्रॅमांच्या आसपास भरले. म्हणजे प्रथिने सहा ग्रॅम. प्रौढ स्त्रीला दिवसाला ४६ ग्रॅम लागतात असे २०२० सालच्या शिफारशीत आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आई त्यांतलीच, गेल्या वर्षी तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ९ निघाले. तारलीत लोह काही भरमसाट नाही, त्यामुळे गोळ्या घ्याव्याच लागतात. पण जेवणात मासा असला तर भात-भाजीतले लोह अंगी अधिक लागते, हेही तितकेच खरे.

हे सारे मी तिला चुलीजवळ बसून वाचून दाखवले. फळ्यावरच्या त्या यादीत तारली नव्हती, हेही सांगितले. ती म्हणाली, "पुस्तकात नाय तर नसूंदे, टोपात आसा मगे!"

त्या रविवारी वाढायला मी बसले. तिच्या ताटात तीन तारल्या घातल्या. तिने त्यांतली एक उचलून धाकट्याच्या ताटात टाकली. दोन राहिल्या.