गोवर : ओळख आणि आपले कर्तव्य

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ पसरली आणि काही बालके दगावली. मालवणातील अनेक घरांचे चाकरमानी मुंबईत राहतात व गणपतीला मुलाबाळांसह गावी येतात. म्हणून हा विषय आपल्याही घरचा आहे.

गोवर विषाणूमुळे होतो. प्रथम जोराचा ताप, खोकला, वाहते नाक व लाल डोळे; नंतर तीन-चार दिवसांनी कानामागे व चेहऱ्यावर लाल, सपाट पुरळ उठून अंगभर पसरते. कांजिण्यांत मात्र पाण्याने भरलेले फोड येतात.

ध्यानात ठेवावे ते हे, की पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून रोग पसरू लागतो. खोलीतील हवेत विषाणू २ तासांपर्यंत राहू शकतो. म्हणजेच पुरळ पाहून सावध होणे उशिराचे ठरते. खरे संरक्षण लसीचेच. ती ९ ते १२ व १६ ते २४ महिने या वयात, दोन वेळा, सरकारी केंद्रात मोफत मिळते.

पुरळ उठल्यास ‘देवाचे आहे’ म्हणून लपवू नये. आशाताईंना कळवावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस द्यावेत, भरपूर पातळ पदार्थ पाजावेत. पुरळ उठल्यावर ४ दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. धाप, झटके वा गुंगी दिसताच रुग्णालय गाठावे.

देवीचा रोग लसीनेच हटला. १९८० साली जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. विद्यार्थी मित्रांनी आजच घरातील लहान भावंडाचे लसीकरण कार्ड वाचावे. दुसरा डोस राहिला असल्यास आईवडिलांना सांगावे.