मालवाहू जहाजावरील प्रवासी

पूर्वी मुंबईहून विलायतेस जावयाचे, म्हणजे बोटीने जावे लागे. त्या प्रवासास दोन ते तीन आठवडे लागत. पुढे विमाने आली आणि तीच वाट काही तासांवर आली. प्रवासी बोटी मागे पडल्या. परंतु समुद्र मात्र ओस पडला नाही. आजही जगाच्या व्यापारातील सुमारे 80 टक्के माल जलमार्गानेच जातो. कोणी कोळसा वाहून नेतो, कोणी खनिज तेल, कोणी धान्य, तर कोणी नाना प्रकारच्या वस्तूंनी भरलेल्या लोखंडी पेट्या.

या पेट्यांना कंटेनर म्हणतात. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन व्यावसायिकाने 26 एप्रिल 1956 रोजी असे 58 कंटेनर एका जहाजावर चढवून नेवार्क बंदरातून ह्यूस्टनला धाडले. त्यापूर्वी पोती, पिंपे आणि खोकी हमालांच्या पाठीवरून चढत-उतरत. त्यात जहाजाचे दिवसच्या दिवस बंदरात जात. आता प्रचंड याऱ्या एकेक पेटी अलगद उचलतात आणि काम तासांत उरकते. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात हे दृश्य रोज दिसते.

अशा मालवाहू जहाजांपैकी काहींवर मोजक्या प्रवाशांनाही जागा मिळू शकते. मोजक्या म्हणजे फार तर बारा! बारांहून अधिक प्रवासी घेतले, की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते प्रवासी जहाज ठरते व त्याला निराळे, अधिक कडक नियम लागू होतात. शिवाय येथे प्रवाशाच्या सोयीने काहीच चालत नाही. माल हाच जहाजाचा खरा यजमान. माल चढण्यास उशीर झाला, तर जहाज थांबते. मालाचे बंदर बदलले, तर प्रवाशाचेही बदलते. ज्याच्या अंगी धीर नाही, त्याने या वाटेस जाऊ नये.

डेन्मार्क देशातील टोर्ब्यॉर्न पेडरसन यांच्या अंगी हा धीर होता. जहाजाने माल पाठविण्याच्या व्यवसायात त्यांनी काम केले होते. विमानात पाऊल न ठेवता जगातील प्रत्येक देश पाहावयाचा, असा संकल्प करून ते 10 ऑक्टोबर 2013 रोजी घरून निघाले. तेव्हा त्यांचे वय 34 वर्षे होते. प्रत्येक देशात निदान 24 तास राहावयाचे आणि सर्व देश पुरे झाल्यावाचून घरी परतावयाचे नाही, असे नियम त्यांनी स्वतःस घालून घेतले. आगगाडी, मोटार, नौका, जे मिळेल ते वाहन त्यांनी घेतले. पण महासागर आडवा आला, की मालवाहू जहाजाखेरीज बहुधा उपाय नसे.

अशा जहाजावर दिवस कसा जातो? चारही दिशांस पाणी आणि वर आकाश! खलाशांना मात्र विसावा नाही. साधारणतः चार तास पहारा व आठ तास सुटी, असा क्रम रात्रंदिवस चालतो. यंत्रघरात कानठळ्या बसविणारा आवाज व उष्मा असतो. जहाज पूर्वेस किंवा पश्चिमेस जाऊ लागले, की 15 रेखांशांमागे घड्याळ एक तास पुढे किंवा मागे करावे लागते. भूगोलाच्या पुस्तकातील हा नियम तेथे प्रत्यक्ष अनुभवास येतो. एकाच जहाजावर निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या धर्मांचे लोक महिनोन् महिने एकत्र राबतात, एका भोजनगृहात जेवतात आणि संकटात एकमेकांस सांभाळतात.

संकटे पेडरसन यांच्याही वाट्यास आली. आइसलँडहून कॅनडाला जाताना उत्तर अटलांटिक महासागरात चार दिवस वादळ घोंघावत होते. आफ्रिकेत त्यांना मेंदूत भिनणाऱ्या हिवतापाने गाठले. कुठे परवाना मिळेना, कुठे जहाज मिळेना. चार वर्षांत पुरा व्हावयाचा प्रवास लांबतच गेला.

खरी कसोटी पुढेच होती. 2020 साली केवळ चार दिवसांसाठी ते हाँगकाँगला उतरले. अवघे नऊ देश उरले होते. इतक्यात कोविडची साथ जगभर पसरली, सीमा बंद झाल्या आणि चार दिवसांची जवळजवळ दोन वर्षे झाली! विमानाचे एक तिकीट काढले असते, तर ते घरी पोहोचले असते. परंतु मग साडेसहा वर्षांचे कष्ट पाण्यात गेले असते. त्यांनी संकल्प मोडला नाही. खलाशांच्या मदतीसाठी असलेल्या डॅनिश चर्चमध्ये त्यांनी काम पत्करले आणि वाट पाहिली.

त्याच वर्षी आणखी कितीतरी माणसे अशीच अडकून पडली होती. बंदरांत उतरण्यास बंदी असल्यामुळे सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवरच राहिले. घरच्या मुलाबाळांचे तोंड दिसत नव्हते. तरी धान्य, इंधन व औषधे जगाला मिळत राहिली, ती त्यांच्याच श्रमांमुळे. पेडरसन यांनी हा मार्ग आपण होऊन स्वीकारला होता. खलाशांपुढे मात्र निवडच नव्हती. त्यांच्या धैर्याचे मोल म्हणूनच अधिक आहे.

जानेवारी 2022 मध्ये पेडरसन पुन्हा जहाजावर चढले. 23 मे 2023 रोजी ते मालदीवला पोहोचले. तो त्यांचा 203 वा व अखेरचा देश होता. तेथूनही ते विमानाने परतले नाहीत. ‘मिलानो मर्स्क’ या सुमारे 400 मीटर लांबीच्या मालवाहू जहाजाने ते 26 जुलै 2023 रोजी डेन्मार्कच्या किनाऱ्यास लागले. घर सोडल्याला 9 वर्षे, 9 महिने आणि 16 दिवस झाले होते.

अनोळखी माणूस म्हणजे अद्याप न भेटलेला मित्र, असे पेडरसन म्हणत असत. जहाजात जागा देणारे कप्तान, पंगतीस घेणारे खलाशी आणि परक्या गावी आसरा देणारी कुटुंबे यांनीच हा प्रवास तडीस नेला. एकट्याचा निश्चय आणि अनेकांचा हात, हे दोन्ही जुळून आले, तेव्हाच ही दूरची वाट सरली.

स्वाध्याय

1. मालवाहू जहाजावर बारांहून अधिक प्रवासी का घेत नाहीत?
2. कंटेनरमुळे बंदरातील कामात कोणता फरक पडला?
3. पेडरसन यांनी स्वतःस कोणते नियम घालून घेतले होते?
4. खलाशांच्या धैर्याचे मोल अधिक आहे, असे पाठात का म्हटले आहे?
5. वाक्यात उपयोग करा : ओस पडणे, पाण्यात जाणे, तडीस नेणे.
6. तुमच्या घरातील कोणत्या वस्तू समुद्रमार्गाने आल्या असतील, याची चौकशी करून यादी करा.