संगणकीय नकाशाचे प्रमाण : गणन, दर्शन आणि मर्यादा

विकास नियोजनात नकाशाचे स्थान आता केवळ संदर्भापुरते राहिलेले नाही. कालव्याची आखणी, पूररेषेची निश्चिती, भूसंपादन, गावठाणातील मालमत्तेची नोंद अशा अनेक निर्णयांचा पाया नकाशावरील मोजमाप हाच असतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांची मुक्त मालिका नागरी वापरासाठी खुली केली. २००९ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'भुवन' हे संकेतस्थळ सुरू झाले, तर फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांवरील बरेचसे निर्बंध दूर केले. नकाशा कागदावरून पडद्यावर आला. परंतु त्यामुळे 'प्रमाण' ही संकल्पना सोपी न होता अधिक सूक्ष्म झाली आहे.

प्रमाणाचे तीन प्रकार

नकाशावरील दोन बिंदूंमधील अंतर आणि त्याच बिंदूंमधील जमिनीवरील अंतर यांचे गुणोत्तर म्हणजे नकाशाचे प्रमाण होय. 'दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर' हे शब्दप्रमाण, १ : ५०,००० हे त्याचेच अंकप्रमाण आणि समान भागांत विभागलेली मोजपट्टी हे रेषाप्रमाण. अंकप्रमाणाला एकक नसते, म्हणून ते कोणत्याही देशात वाचता येते. जुन्या 'एका इंचास एक मैल' नकाशांचे अंकप्रमाण १ : ६३,३६० असते, कारण एका मैलात तितकेच इंच असतात.

येथे विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार होते. छेद जितका लहान, तितके प्रमाण मोठे. म्हणून १ : ५०० हा बृहत् प्रमाणाचा, तर १ : १०,००,००० हा लघु प्रमाणाचा नकाशा आहे. क्षेत्रफळ काढताना प्रमाणाचा वर्ग करावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. १ : ५०,००० प्रमाणावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर.

पडद्यावरील गणन

कागदाची रुंदी निश्चित असते, पडद्याची नसते. संगणकाला केवळ पिक्सेलची संख्या ठाऊक असते. म्हणून क्यूजीआयएससारखी आज्ञावली एका इंचात किती पिक्सेल आहेत याचे एक मूल्य गृहीत धरते. हे मूल्य सामान्यतः ९६ असते. त्यानुसार एका पिक्सेलची रुंदी २५.४ ÷ ९६, म्हणजे सुमारे ०.२६४६ मिलिमीटर येते.

समजा, नकाशाची चौकट १,००० पिक्सेल रुंद आहे आणि तीत जमिनीवरील ५ किलोमीटर अंतर दिसते. गृहीत धरलेल्या मूल्यानुसार चौकटीची रुंदी ०.२६४६ मीटर होते. ५,००० ला ०.२६४६ ने भागल्यास सुमारे १८,९०० येतात, म्हणून पडद्याच्या तळाशी १ : १८,९०० असा आकडा दिसतो. प्रत्यक्षात तीच चौकट लहान संगणकावर २० सेंटिमीटर भरली, तर खरे प्रमाण १ : २५,००० होते, सभागृहातील पडद्यावर ती दोन मीटर रुंद दिसली, तर १ : २,५००. आकडा मात्र बदलत नाही. रेषाप्रमाणाचे महत्त्व येथे कळते. मोजपट्टी नकाशाबरोबरच लहानमोठी होते, त्यामुळे तिचे वाचन खरे राहते. छायाप्रत दुप्पट मोठी काढली असता अंकप्रमाण खोटे ठरते आणि मोजपट्टी टिकते, यामागील तत्त्वही हेच आहे.

अक्षांशाचा परिणाम

ओपनस्ट्रीटमॅपसारखे महाजालावरील नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणावर आधारलेले असतात. त्यांच्या शून्य पातळीवर विषुववृत्ताचा सुमारे ४०,०७५ किलोमीटरचा परीघ २५६ पिक्सेलमध्ये मावतो. पुढील प्रत्येक पातळीवर पिक्सेलची संख्या दुप्पट होते. पंधराव्या पातळीवर विषुववृत्तावरील एक पिक्सेल सुमारे ४.७८ मीटर दर्शवितो. इतरत्र या संख्येस त्या स्थळाच्या अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. त्यामुळे याच पातळीवर १०० पिक्सेलची पट्टी कन्याकुमारीजवळ सुमारे ४७३ मीटर, तर लेहजवळ सुमारे ३९५ मीटर अंतर दर्शविते.

ही दुरुस्ती न करता लेह परिसरातील जमीन थेट या प्रक्षेपणावर मोजली, तर १०० हेक्टर भासणारे क्षेत्र प्रत्यक्षात सुमारे ६८ हेक्टरच असते. मोबदला, पीकक्षेत्र किंवा वनाच्छादन यांचा हिशेब अशा आकड्यावर उभा राहिल्यास सार्वजनिक निधीचे वाटपच चुकते. म्हणून मोजमापासाठी मुक्त मालिकेतील नकाशांप्रमाणे यूटीएम प्रक्षेपण वापरणे किंवा पृथ्वीची वक्रता विचारात घेणारी मापनपद्धती निवडणे आवश्यक ठरते. भारताचा भूभाग यूटीएमच्या ४२ ते ४७ या विभागांत येतो. त्यांपैकी योग्य विभागाची निवड करावी लागते.

मोठे दिसणे आणि अचूक असणे

पडद्यावर नकाशा हवा तितका मोठा करता येतो. मूळ सर्वेक्षणाची अचूकता मात्र त्यामुळे वाढत नाही. १ : ५०,००० नकाशावरील अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर २५ मीटर रुंद असते. तिच्या आधारे दोन शेजाऱ्यांमधील बांधाचा वाद सुटू शकत नाही, मग ती संगणकावर कितीही मोठी करून पाहिली तरी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने ग्रामीण वस्त्यांचे १ : ५०० प्रमाणाचे नकाशे तयार करण्याचे धोरण स्वीकारले गेले, त्याचे कारण यात सापडते. या प्रमाणावर तीच रेषा केवळ २५ सेंटिमीटरची होते. घराची हद्द निश्चित झाली, तरच मालमत्तापत्रकास अर्थ येतो आणि त्या आधारे कर्ज मिळविणे शक्य होते.

सारांश

संगणकीय नकाशा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. दाखविलेले अंकप्रमाण कोणत्या पिक्सेल-रुंदीवर आधारलेले आहे? प्रक्षेपण कोणते असून अक्षांशाची दुरुस्ती झाली आहे काय? आणि मूळ सर्वेक्षण कोणत्या प्रमाणावर झाले होते? यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गणिताने मिळतात. तिसऱ्याचे उत्तर नकाशाच्या इतिहासात असते आणि नकाशा कोणत्या निर्णयासाठी वापरावा हे मुख्यत्वे त्यावरूनच ठरते.